डावा हात वर

कुंभेफळकर सर मला चावले. आमची पहिली ओळख ती.

ही अलंकारिक भाषा नाही. दातांनी चावले, उजव्या हाताच्या बोटाला. जालन्याच्या बाहेर अंबड रस्त्याला, मोसंबीच्या बागांना लागून आमचं डेंटल कॉलेज होतं. शेवटच्या वर्षाला लहान मुलांच्या दातांचा विषय असायचा आणि त्या विभागाचे प्रमुख होते डॉ. दिगंबर कुंभेफळकर. पहिल्या तासाला आम्ही वह्या उघडून, पेनांची टोपणं काढून तयार बसलो होतो. सर आले, फळ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या पेशंटच्या खुर्चीत चढले, दोन्ही पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "माझं नाव बबन. मी सहा वर्षांचा हाये. माझी दाढ दुखून राह्यली आन् मी तोंड उघडणार न्हाई. कोण येतं?"

बबनला तेव्हा टक्कल होतं आणि पोट पट्ट्याच्या बाहेर आलं होतं. वर्गात कुणी हसेना, कुणी हलेना. मी पहिल्या बाकावरची, आदल्या परीक्षेत पहिली आलेली. मला वाटलं, हे आपलंच काम. मी पुढे गेले आणि आवाजात मध घालून म्हटलं, "बबन बाळा, आ कर बरं. काही दुखणार नाही हं." बबनने शहाण्यासारखा आ केला. मी बोट आत घातलं. बबन चावला.

"आई गं!" मी किंचाळले.

"खोटं बोलली," सर रुमालाने तोंड पुसत वर्गाला म्हणाले. "दुखणार न्हाई म्हणाली. हिला काय माहीत दुखणार का न्हाई? पोराला खोटं सांगितलं की पोरगं चावतं. वहीत लिहायची गरज न्हाई, हिच्या बोटावर लिहिलंय."

त्यानंतर आजतागायत मी एकाही पोराला 'दुखणार नाही' असं म्हटलेलं नाही. 'मुंगी चावल्यागत होईल, मी सांगेन तेव्हा होईल' असं म्हणते. म्हणजे सरांचं शिकवणं लागू पडलं, हे मला मान्य आहे. पण पद्धत काय ती! दुसऱ्या कुठल्या कॉलेजात विभागप्रमुख विद्यार्थिनीला चावला असता तर पेपरात आलं असतं.

सर उभं राहून, फळ्यावर लिहून, 'याचे पाच प्रकार' वगैरे सांगत कधी शिकवत नसत. धडा आदल्या दिवशी घरून वाचून यायचा आणि वर्गात बोलायचं आपण. सर शेवटच्या बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसायचे. टॉवेल डोक्यावर आला की ते सर नसत, ती असायची पार्वतीबाई, पोराला घेऊन खेड्यातून आलेली. पार्वतीबाईला इंग्रजी शब्द चालत नसे. कुणाच्या तोंडून एक जरी निसटला की ती हात ओवाळून म्हणायची, "समजलं न्हाई बाप्पा!" आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

पार्वतीबाईचा एक प्रश्न ठरलेला होता आणि तो आमच्या विषयाच्या मुळावरच यायचा. "दुधाचा दात हाये. आज न्हाई उद्या पडायचाच हाये. मंग त्याच्यात कशाला खर्चा करू?"

आमच्या सगळ्या वर्गाने त्या प्रश्नापुढे हात टेकले. मी जबड्याची वाढ सांगितली. समजलं न्हाई बाप्पा. कुणी पचनाचं सांगितलं. समजलं न्हाई बाप्पा. तास संपत आला तसा मागून एक घोगरा आवाज आला.

"काकू, तुम्ही भोकरदनच्या गाडीला कधी बसल्या का? गर्दीच्या टायमाला?"

"बसले की."

"मंग गाडी लागल्याबरोबर खिडकीतून रुमाल टाकता का न्हाई शीटवर?"

"टाकते."

"तो रुमाल म्हणजे दुधाचा दात. रुमाल उचलला की दुसरा कुणीतरी सरकून बसतो. मंग तुमचा पक्का दात चढला गाडीत, तर उभ्यानं जातो न्हाईतर लटकून जातो. वाकडा येतो."

सरांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. "नाव काय तुझं?"

"बाळासाहेब."

हा बाळासाहेब वडीगोद्रीचा. घरची शेती, अंगाने आडवातिडवा, हात असे की मोसंबी मुठीत घेतली तर दिसेनाशी व्हायची. पोरं त्याला दारात बघूनच भोकाड पसरायची. सर म्हणायचे, "ह्याचं बरं हाये. पोरं आधीच रडून घेतात, पुढं काम सोपं." पुढे मी ह्याच्याशी लग्न केलं, हे आत्ताच सांगून टाकते. त्यामुळे ह्याच्याबद्दल मी चांगलं बोलले तर निम्मंच धरावं आणि वाईट बोलले तर पूर्ण धरावं.

मोसंबीवरून आठवलं. इंजेक्शन द्यायला आम्ही शिकलो ते मोसंबीवर. सालीतून सुई अशी घालायची आणि काढायची की रस बाहेर यायला नको. थेंब जरी आला तरी सर म्हणायचे, "रडली बिचारी," आणि दुसरी मोसंबी हातात द्यायचे. दात काढायला शिकलो ते कोवळ्या मक्याच्या कणसावर. चिमट्याने एकच दाणा उपटायचा, शेजारच्या दाण्याला ओरखडा पडता कामा नये. तास संपला की कणसं कॅन्टीनच्या भट्टीवर जायची. मोसंब्या मात्र कुणी खात नसे, त्यांच्यात आम्ही इतकं पाणी भरलेलं असायचं की त्या नुसत्या पचपचायच्या.

सर पांढरा कोट घालत नसत, पोरं घाबरतात म्हणून. चौकड्यांचा बुशशर्ट, खिशात दाबला की ओरडणारा रबराचा हिरवा बेडूक. पोराशी बोलताना गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचे. सगळ्या पँटी गुडघ्यावर विरलेल्या असायच्या आणि त्यांना काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, आतून ठिगळं लावलेली असायची. आणखी एक सवय होती. सर जेवताना सगळा घास उजवीकडे चावायचे, डावा गाल हाताने झाकून. आम्ही एकदा विचारलं तर म्हणाले, "बबनची दाढ दुखते ना, भूमिकेत राहावं लागतं." आम्ही हसलो आणि सोडून दिलं.

सरांचा एक नियम मात्र असा होता की त्यात थट्टा नव्हती. खुर्चीत बसलेल्या पोराला आधीच सांगायचं, 'काही झालं तर डावा हात वर कर, मी थांबेन.' आणि हात वर झाला की थांबायचं. लगेच. हातातलं हत्यार तोंडाच्या बाहेर काढून, हात मागे घेऊन थांबायचं आणि विचारायचं. 'आता झालंच, एवढं होऊ दे' असं म्हणायचं नाही.

"पण सर," मी एकदा म्हटलं, "पोरं उगीचच हात वर करतात. नुसतं बघायला."

"करणारच."

"मग?"

"मंग काय? थांबायचं. त्याला बघायचंच हाये थांबता का. एकदा थांबली न्हाईस तर तो जन्मात दुसऱ्यांदा हात वर करणार न्हाई. आन् डॉक्टरकडंही येणार न्हाई." एवढं बोलताना सरांचा आवाज एकदम वेगळा झाला होता.

आता सरांच्या नाटकांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. पोरं सांभाळता येतात, त्यांना घेऊन येणारी मोठी माणसं सांभाळता येत नाहीत, असं सरांचं म्हणणं. म्हणून ते बाह्यरुग्ण विभागात खोटी माणसं पाठवायचे. आधी कुणाला काही सांगायचं नाही. काकू एकदा अशी आई होऊन आल्या की पोराला काही विचारलं तरी उत्तर त्याच द्यायच्या. कॅन्टीनचे इस्माईलभाई चिडका बाप करायचे. "हात तो लगा के देखो मेरे बच्चे को!" म्हणत टेबलावर अशी थाप मारायचे की ट्रेमधली हत्यारं नाचायची. एकदा तर कलेक्टरचे साडू होऊन आले आणि रांग मोडून आत घुसले. त्यांच्यासोबतचं पोरगं त्यांचंच असायचं, आणि सगळ्यांत धाकट्याचे दात कॉलेजात तपासून तपासून इतके स्वच्छ झाले होते की तो आमच्याकडे नुसता चॉकलेट मागायला यायचा.

मोठ्या माणसांसाठी सरांचे दोन नियम होते. एक, सोबत आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी काम द्यायचं, म्हणजे त्याचं तोंड बंद राहतं. बहुतेक वेळा त्याच्या हातात बेडूक द्यायचा, सरांच्या खिशातल्यासारखा एक विभागातही ठेवलेला असायचा. दुसरा, 'रडलास तर डॉक्टर सुई टोचतील' असा धाक जो पोराला घालील, त्याला आधी स्वतः खुर्चीत बसवायचं आणि पोरासमोर तोंड उघडायला लावायचं.

तर हे सगळं मजेत चाललं होतं आणि वरून पत्रक आलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. ते परतूरकडे आपल्या मळ्यावर असायचे, कॉलेजला वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाला यायचे. आम्ही त्यांना लांबून, फेट्यात, स्टेजवर पाहिलेलं. बाकी मग कचेरीतला फोटो, त्यातही फेटा आणि काळ्याभोर मिशा. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की बालदंत विभागात शिकवत नाहीत, नाटकं करतात आणि कणसं भाजतात. अण्णासाहेबांनी प्राचार्यांमार्फत निरोप दिला. पुढच्या महिन्यापासून नियमाप्रमाणे लेक्चरं सुरू झाली पाहिजेत, नाहीतर कुंभेफळकरांनी दुसरीकडे सोय बघावी.

सर त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा पुढे घेऊन बसले होते. मी आणि बाळासाहेब समोर. चहावर साय धरली तरी उचलेनात.

"सर, तुम्ही देऊन टाका ना लेक्चरं," मी म्हटलं. "तुम्हाला काय अवघड आहे?"

"अवघड कायच न्हाई. आन् त्यांचंही चुकलं न्हाई." सरांनी साय बोटाने बाजूला केली. "लेक्चर दिलं तर निदान वही राहते. कुणी विचारलं काय शिकवलं, तर वही दाखवता येते. मी तुम्हाला देतो ते राहतं कुठं? बोटात. उद्या तुम्ही दवाखाना टाकाल, दारात ही लाइन लागंल, पोरगं हात वर करंल. तवा तुम्ही थांबाल का? मला कसं कळावं? ते कळलं असतं ना, तर मी त्यांच्यासमोर छाती ठोकून बोललो असतो."

"थांबू की सर," बाळासाहेब म्हणाला.

"आत्ता म्हणतो तू," सर म्हणाले आणि थंड चहा एका घोटात पिऊन उठले.

तरी खोड जाईना. जाता जाता, कधी नव्हे ते आधीच, आम्हाला बजावलं, "उद्या बाळासाहेबाची पाळी हाये ना खुर्चीवर? तयारीनं या. एक लई खतरनाक आजोबा येणार हाये." इस्माईलभाईंचे बदनापूरचे चुलतभाऊ नाटकात काम करायचे, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही काय ते समजलो.

दुसऱ्या दिवशी विभाग नुकताच उघडला होता. खुर्चीपाशी बाळासाहेब डॉक्टर, मी मदतनीस. दार धाडकन उघडलं आणि एक म्हातारा आत आला. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, मिशा पांढऱ्या फटक. काखेत पाच-सहा वर्षांचं पोरगं, गाल सुजलेला, रडून रडून घसा बसलेला.

"मोठा डॉक्टर कुठंय? बोलवा त्याला! जल्दी!"

बाळासाहेब माझ्याकडे वाकून पुटपुटला, "आले. चिखल बघ कसा बराबर लावलाय."

"बसा आजोबा," तो मोठ्याने म्हणाला.

"आजोबा कुणाला म्हणून राह्यला रे? मी ह्या संस्थेचा अध्यक्ष हाये!"

मला हसू आवरेना, मी कपाटाकडे तोंड फिरवलं. बाळासाहेब मात्र शांत. "असाल की. मागच्या वेळी कलेक्टरचे साडू आल्ते, आम्ही त्यांचंही काम केलं. तोवर हा बेडूक धरा."

"बेडूक?"

"दोन्ही हातांनी धरा. दाबू नका, ओरडतो."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे झालं त्याला मी अभिनय समजले आणि मनात म्हटलं, बदनापूरला एवढा गुणी नट आहे आणि आपल्याला पत्ता नाही! बेडूक ओरडला. पोरगं रडता रडता थांबलं आणि बेडकाकडे बघायला लागलं. पण बाळासाहेबाने आरसा हातात घेतला मात्र, पोराने परत सूर लावला. म्हातारा कावला. "गप सोन्या! रडलास तर डॉक्टर ही एवढी सुई खुपसतील!"

झालं. बाळासाहेबाने आरसा खाली ठेवला.

"आजोबा, आता तुम्ही पहिले."

"काय पहिले?"

"खुर्चीत बसा. सुईचं नाव काढलं त्यानं आधी बसायचं, इथला नियम हाये. सोन्या, आजोबांना बसवायचं का आधी?"

"बस ना आजोबा," सोन्या म्हणाला. बसक्या आवाजात, पण त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जरा चमक दिसली. नातवापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. म्हातारा बसला.

बाळासाहेब गुडघ्यावर बसून दोघांनाही समजावून सांगायला लागला. हा आरसा आहे, ही दात मोजायची काडी आहे, आणि काही झालं तर डावा हात वर करायचा, मी थांबेन. मग सोन्याच्या हातात आरसा देऊन म्हणाला, "मोज किडलेले किती ते." आजोबांच्या तोंडात मोजण्यासारखं भरपूर होतं. सोन्या मोजता मोजता चुकला, परत पहिल्यापासून मोजायला लागला, आणि मध्येच विचारतो, "आजोबा, तू दात घासत न्हाई का रे?"

मागच्या दाढेला काडी लागली तसा म्हाताऱ्याचा डावा हात वर गेला. बाळासाहेबाने काडी बाहेर काढली, हात मागे घेतले. "सांगा."

"कळ आली. पार डोक्यात."

"मंग तिकडं जात न्हाई. ह्या बाजूनं बघतो, सांगूनच हात लावतो."

पुन्हा काम सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा हात वर. काडी आत्ता दाताला लागलेलीही नव्हती, मला स्पष्ट दिसत होतं. नाटकवाला आहे, आपल्याला खेळवतो आहे, हे बाळासाहेबालाही दिसत होतं. तरी तो थांबला. "बोला आजोबा." म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि मग हात खाली घेतला.

नंतर सोन्या आपण होऊन खुर्चीत चढला. सुईने दाढ झोपवली, आतली घाण काढली, औषध भरलं. त्याने बऱ्याच वेळा हात वर केला, बाळासाहेब तितक्याच वेळा थांबला. रडणं नाही की ओरडणं नाही. आजोबा बाजूला बेडूक धरून उभे.

तेवढ्यात दार उघडलं. आधी इस्माईलभाई, त्यांच्यामागे भरजरी फेटा आणि खोट्या मिशा लावलेला एक माणूस, त्याच्यामागे सर. "बाळासाहेब," सर खुशीत म्हणाले, "हे घे तुझे खतरनाक आजो..."

सर त्या चिखलाने भरलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. फेटेवाल्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने ठरल्याप्रमाणे टेबलावर थाप मारली आणि गरजला, "ओळखलं का मला? मी साखर कारखान्याचा चेअरमन!"

"अरे गप रे," इस्माईलभाई म्हणाले.

"अण्णासाहेब," सर म्हणाले, "आपण कधी आल्ता?"

माझ्या हातातला ट्रे खाली पडला. बाळासाहेबाचं मला आठवत नाही, कारण मी त्याच्याकडे बघायचं धाडसच केलं नाही. जीप मळ्याच्या वाटेवर चिखलात रुतली होती आणि नातवाचं रडणं बघवेना म्हणून अण्णासाहेब दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून तसेच आले होते, हे नंतर कळलं. त्यांनी नातवाला काखेत घेतलं. दारात वळून सरांना म्हणाले, "उद्या सकाळी मळ्यावर या." आणि गेले. बेडूक सोन्यानेच नेला.

दुसऱ्या दिवशी बाळासाहेबाने वसतिगृहात ट्रंक भरायला घेतली. "वडीगोद्रीला जातो, मोसंबी लावतो," एवढंच म्हणत होता. मी म्हटलं, "आधी सर येऊ देत." माझं स्वतःचं नाव कॉलेजातून कटेल ह्यापेक्षा ह्या येड्यामुळे सरांची नोकरी जाणार, ह्याने मी रडकुंडीला आले होते. काकू तर कॉलेजच्या फाटकाशी येऊन बसल्या होत्या.

दुपारी सर परतूरच्या गाडीतून उतरले. चेहऱ्यावरून काही कळेना. काकूंशेजारी कट्ट्यावर बसले, पाणी प्यायले आणि सांगायला लागले.

"मला म्हणाले, त्या पोराला मी कोण हे खरंच माहीत नव्हतं? म्हटलं, न्हाई साहेब, त्याला तुम्ही इस्माईलचे चुलतभाऊ वाटले. तर म्हणाले, मंग तो थांबला कामून? मी म्हटलं, थांबला म्हणजे? म्हणाले, मी हात वर केला, थांबला. दुसऱ्या बारीला मी मुद्दाम केला, तरी थांबला. ह्या जिल्ह्यात मी हात वर केला की समदे थांबतात, पण ते मला ओळखतात म्हणून. ह्यानं मला नाटकातला माणूस समजून बी थांबून दाखवलं."

"मग, सर?" मला धीर धरवेना.

"मंग काय, लेक्चरचं त्यांनी सोडून दिलं. एक अट घातली." सरांना आता हसू फुटलं. "म्हणाले, पुढच्या बॅचला आजोबा मीच करणार. तुमच्या त्या बदनापूरवाल्याला जमत न्हाई, फार ओरडतो."

आणि खरंच, अण्णासाहेब दरवर्षी यायला लागले. बंडी, टॉवेल, धोतराला चिखल. पुढच्या बॅचच्या पोरांची अवस्था आमच्याहून वाईट झाली. आलेला म्हातारा खरा का खोटा, आणि खोटा असला तरी खरा अध्यक्ष का, काही कळायला मार्ग नव्हता. शेवटी बिचारी येईल त्या प्रत्येकाशी नीट वागायला लागली. सर म्हणाले, "हेच तर पाहिजे होतं."

पण सरांच्या मनातली ती रुखरुख गेली नाही. निरोपसमारंभाला बाळासाहेबाच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "इथं थांबलास बाबा, लाज राखलीस. तिकडं दवाखान्यात कोण बघायला येणार हाये?"

आम्ही भोकरदनला दवाखाना टाकला. बाजाराच्या दिवशी पायरीपर्यंत लाइन. कधी कधी बाळासाहेबाचा आवाज चढायचा, कधी माझा. घाईत हात वर झालेला दिसला नाही असंही होऊ शकलं असतं, मी देवादिकांची शपथ घेऊन सांगणार नाही. पण भिंतीवरच्या कपाटात एक हिरवा बेडूक कायम असायचा.

बऱ्याच वर्षांनी, सर निवृत्त होऊन जालन्यातच राहत होते तेव्हाची गोष्ट. अशाच बाजाराच्या दिवशी लाइनीत काकू दिसल्या. शेजारी गालाला रुमाल बांधून, डोक्यावर गाठ मारून, सर. बाळासाहेब हातातलं काम सोडून हसतच बाहेर गेला. "ओळखलं सर! रुमाल जरा जास्तच झाला. कोण आजोबा आणलेत आज?"

सर हसले नाहीत.

"अरे, खरंच दुखतंय," काकू म्हणाल्या. "ह्यांची ती डावी दाढ. किती वर्षांपासून सांगून राह्यले काढून टाका. जालन्यातल्या एकाही डॉक्टरकडे जाईनात. सगळे ह्यांचेच विद्यार्थी ना. आज गुमान गाडीत बसले आन् म्हणाले भोकरदनला चल."

खुर्चीत बसल्यावर सरांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे असे धरले की नखं पांढरी झाली. आयुष्यभर ह्या खुर्चीत बबन होऊन बसलेला माणूस, आणि आता त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सर, नाटक?" बाळासाहेबाने हळूच विचारलं.

"आज न्हाई." सर छताकडे बघत होते. "आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत एक दातवाला बसायचा. मी सोन्याएवढा असंल. चौघांनी धरलं मला. मी हात वर करून राह्यलो होतो, कुणी थांबेना. तवापासून ह्या तोंडात कुणाला हात घालू दिला न्हाई. पोरांना शिकवलं, आन् सोताचा दात सडवला. कुणाला सांगू रे हे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. बाळासाहेब स्टूल ओढून बसला, पण स्टूल उंच होतं, तसा खाली गुडघ्यावर आला. ह्या वयात, ह्या देहाने. काकूंच्या हातात बेडूक दिला. मग सरांना सगळं सांगितलं, जणू त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. ही सुई आहे, मुंगी चावल्यागत होईल, मी सांगेन तेव्हा होईल. मग दाढ झोपेल. आणि काही झालं तर डावा हात वर करा.

"थांबशील?" सरांनी विचारलं.

"करून बघा."

सुई जवळ आली तसा हात वर गेला. बाळासाहेब थांबला. बाहेर लाइनीत कुणीतरी ओरडत होतं, एक पोरगं रडत होतं, फोन वाजत होता. बाळासाहेब हात मागे घेऊन बसून राहिला. हात खाली आला. मुंगी चावली. दाढ झोपली. चिमटा लावल्यावर पुन्हा हात वर, पुन्हा थांबला. नंतर एकदा काहीच झालेलं नसताना हात वर गेला.

"काय झालं सर?"

बधिर तोंडाने सर काहीतरी बोलले. काकूंना कळलं नाही, आम्हा दोघांना कळलं. "बघून राह्यलो होतो," असं ते म्हणाले होते.

"बघा की," बाळासाहेब म्हणाला. "कितीही बारी बघा."

मग सरांनी दांडे सोडले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. दाढ निघाली तेव्हा त्यांना कळलंही नाही.

संध्याकाळी आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. जालन्याच्या गाडीला गर्दी होती, बाळासाहेबाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. काकू आणि सर बसले. त्यानंतर सर काही मला दिसले नाहीत, पावसाळ्याच्या आधीच गेले. म्हणून तेवढंच डोळ्यासमोर राहिलं आहे. गाडी सुरू झाली, आम्ही परत निघालो. बाळासाहेब पुढे चालत होता, मी मागे वळून बघत होते. सरांनी निरोप द्यायला खिडकीतून हात बाहेर काढला. डावा. मी म्हटलं, "अहो, सरांनी हात वर केलाय."

गर्दीच्या मधोमध, धक्के खात, बाळासाहेब होता तिथे थांबला.